पिशवी एकाची, तास दुसऱ्याचे

ब्रिटनमधल्या कुठल्याही मध्यम गावाच्या बाजाररस्त्यावरून चक्कर मारली, की जुन्या वस्तूंची तीन-चार दुकानं तरी दिसतात. एक ऑक्सफॅमचं, एक ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचं, एखादं त्याच गावातल्या हॉस्पिसचं. देशभरात अशी दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. लोकांनी नकोसे झालेले कपडे, पुस्तकं, कपबश्या आणून द्यायच्या, दुकानाने त्या स्वस्तात विकायच्या आणि उरलेला पैसा दुष्काळनिवारणाला, संशोधनाला किंवा रुग्णसेवेला जायचा, अशी ही व्यवस्था. तिची गोष्ट सांगताना कौतुक होतं ते पिशवी आणून देणाऱ्याचं. माझ्या मते हे कौतुक चुकीच्या पत्त्यावर जातं. या दुकानांना मिळणारं सर्वांत मोठं दान आहे ते गल्ल्यावर आणि मागच्या खोलीत बिनपगारी उभं राहणाऱ्यांच्या वेळेचं. हे म्हणायला भावुक व्हावं लागत नाही, साधा गुणाकार पुरतो.

या दुकानांत काम करणारे स्वयंसेवक दोन लाखांच्या आसपास आहेत, आणि सगळ्या दुकानांचा मिळून वर्षाचा नफा तीस कोटी पौंडांच्या वर जातो. एकेक माणूस आठवड्याला चारच तास देतो असं धरू, कारण एक पाळी साधारण तेवढी असते. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर चार कोटी तास झाले. एप्रिल २०२५ मध्ये तिथलं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड ठरलं. आपण सरळ बारा धरू. न दिलेली मजुरी होते अठ्ठेचाळीस कोटी पौंड. हे गृहीत फार उदार वाटत असेल तर तासांची संख्या तीनवर आणा. तरी छत्तीस कोटी होतात. म्हणजे ज्याला आपण दुकानांचा नफा म्हणतो, तो जवळपास सगळाच्या सगळा या न घेतलेल्या पगारातून आलेला आहे. भाडं, वीज, व्यवस्थापकाचा पगार हे खर्च तर विक्रीतून भागवावेच लागतात. उद्या प्रत्येक स्वयंसेवकाला कायद्याने मजुरी द्यायची ठरली, तर कपड्यांचा ओघ तसाच राहूनही बहुसंख्य दुकानांना कुलूप लागेल.

याचं कारण दुकानाच्या मागच्या खोलीत कळतं. दारात आलेल्या पिशवीला अजून काहीच किंमत नसते. किंबहुना ती उणे असते, कारण तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी आता दुकानाची झालेली असते. टेबलावर पिशवी पालथी करायची. प्रत्येक कपड्याचे खिसे चाचपायचे, चेन ओढून बघायची, काखेत आणि कॉलरवर डाग आहे का, शिवण उसवली आहे का, लोकरीला कसर लागली आहे का, हे उजेडात धरून पाहायचं. पास झालेला कपडा वाफेच्या यंत्राने सुरकुत्या काढून हँगरवर चढवायचा, मापाची खूण लावायची, टॅगच्या बंदुकीने किमतीचं लेबल टोचायचं आणि त्यावर आठवड्याची खूण घालायची. दोन-तीन आठवडे तो विकला गेला नाही तर त्याच खुणेवरून तो काढून घ्यायचा आणि जागा मोकळी करायची. किंमत ठरवणं हे यातलं सर्वांत अवघड. साधा टी-शर्ट आणि नामांकित शिंप्याचा कोट एकाच गाठोड्यात येतात, आणि तो फरक ओळखणारी नजर नसेल तर कोट टी-शर्टच्या भावात जातो. पुस्तकांचंही तेच: हजारोंनी छापलेल्या कादंबरीची वाचून पिवळी पडलेली प्रत कोणती आणि पहिली आवृत्ती कोणती, हे कुणीतरी उघडून पाहावं लागतं. ऑक्सफॅमची तर केवळ पुस्तकांचीच कितीतरी दुकानं आहेत.

शिवाय नियम आहेत, आणि ते पाळायचे ते याच लोकांनी. विजेचं उपकरण तपासणी झाल्याशिवाय विकता येत नाही. सोफ्याला अग्निरोधक असल्याची चिठ्ठी शिवलेली नसेल, तर १९८८ च्या नियमांप्रमाणे ती वस्तू कितीही सुंदर असली तरी परत पाठवावी लागते. लहान मुलांची गाडीतली आसनं आणि हेल्मेटं बहुतेक दुकानं घेतच नाहीत, कारण एकदा आपटलेल्या वस्तूची आतली चीर वरून दिसत नाही. थोडक्यात, या कामाचा बराच मोठा भाग ‘नाही’ म्हणण्याचा आहे. कुणी प्रेमाने आणलेल्या वस्तूला तोंडावर नकार देणं हे कौशल्य आहे. ते न जमणाऱ्या दुकानाची मागची खोली महिनाभरात छताला लागते.

ऑक्सफॅमचं दुकान निघालं तेव्हापासूनच गोष्ट अशी आहे. ऑक्सफॅमची समिती १९४२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये स्थापन झाली, ती जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये उपासमारीने मरणाऱ्यांना अन्न पोचावं म्हणून. युद्धानंतर युरोपातल्या निर्वासितांसाठी कपडे मागितले, तर पाठवता येतील त्याहून कितीतरी जास्त आणि निर्वासितांना निरुपयोगी अशा वस्तूही आल्या. १९४७ च्या अखेरीस ब्रॉड स्ट्रीटवरच्या १७ क्रमांकाच्या जागेत दुकान उभं राहिलं, सेसिल जॅक्सन-कोल या व्यावसायिकाच्या पुढाकाराने. १९४९ मध्ये जो मिटी हा पहिला पगारी माणूस आला. त्याच्या भोवती बाकी सगळे स्वयंसेवक. त्यामागचा विचार साधा होता: दूरच्या भुकेल्याला इथला संध्याकाळचा झगा पाठवून उपयोग नाही, झग्याचे पैसे पाठवावेत. १९५१ मध्ये बिहारमधल्या अन्नटंचाईसाठी ऑक्सफॅमने मदत पाठवली. ऑक्सफर्डमधल्या कपाटातली वस्तू बिहारमधलं धान्य होण्यासाठी मध्ये जे लागतं, ते म्हणजे कुणीतरी टेबलापाशी घालवलेले तास.

आणि तरीही कायदा दानाचं श्रेय कुणाला देतो ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये आयकर भरणारा माणूस पिशवी देताना एक अर्ज भरून देऊ शकतो. मग दुकान त्याच्या वतीने वस्तू विकतं, आलेली रक्कम तो संस्थेला दान देतो असं मानलं जातं आणि सरकार दर पौंडामागे २५ पेन्स आपल्याकडून घालतं. त्यासाठी प्रत्येक वस्तूवर त्या दात्याचं वेगळं लेबल लागतं, आणि वस्तू कितीला गेली हे नंतर त्याला कळवलं जातं. ते लेबल चिकटवणारी बाई मात्र कुठेच नाही. तिच्या तासांवर सरकार पेनीही घालत नाही. संस्थांच्या हिशेबाच्या अधिकृत नियमांत तर स्पष्टच सांगितलं आहे, की सर्वसाधारण स्वयंसेवकांच्या कामाची रक्कम जमाखर्चात दाखवू नये, कारण ती खात्रीने मोजता येत नाही. अहवालात शब्दांत उल्लेख करावा. लेखापाल म्हणून हे बरोबर असेल. पण वाचणाऱ्याच्या मनात त्यातून जे चित्र उभं राहतं ते खोटं असतं: कपडे दिले, पैसे आले, जणू मधलं काही घडलंच नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की स्वयंसेवक काही केवळ देत नाहीत, त्यांनाही मिळतं. खरं आहे. निवृत्त माणसाला आठवड्यातून दोन दिवस घराबाहेर पडायला कारण मिळतं. शाळकरी मुलं ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कारासाठी लागणारे सेवेचे महिने इथे भरतात. नवख्या देशात आलेल्यांना भाषा आणि पहिला स्थानिक दाखला मिळतो. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांनाही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंत असं काम करायला अभ्यागत व्हिसावर मुभा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पण मिळण्यामुळे देणं रद्द होत नाही. पिशवी देणाऱ्यालाही कपाट रिकामं करून मिळतं, तरी त्याला आपण दाताच म्हणतो ना? मग तोच न्याय दुसऱ्यालाही लावावा.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. बिनपगारी श्रमावर चालणारं दुकान हे पगारी नोकऱ्या खातं, आणि शेजारच्या लहान दुकानदारावर अन्यायही करतं, कारण धर्मादाय दुकानाला स्थानिक करात ८० टक्के सूट मिळते. किमान वेतनाच्या १९९८ च्या कायद्यातच ही वाट ठेवलेली आहे: धर्मादाय संस्थेसाठी किंवा तिला निधी जमवून देणाऱ्या मंडळासाठी काम करणाऱ्याला प्रवास-जेवणासारख्या खर्चाखेरीज काही मिळत नसेल, तर त्याला किमान वेतन लागू होत नाही. ही वाट किती सहज वाकवता येते ते २०१२ च्या सुमारास दिसलं. बेकारभत्ता घेणाऱ्यांना सक्तीने अशा दुकानांत कामाला पाठवण्याच्या सरकारी योजनांवरून तेव्हा वादळ उठलं, आणि काही मोठ्या संस्थांनी त्यांतून अंग काढून घेतलं. ते योग्यच केलं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचे तास दान नसतात, आणि ते दानाच्या रकान्यात टाकले की माझा वरचा सगळा गुणाकार लबाडी ठरतो. करसवलतीचा मुद्दा मात्र मला तितका टोचत नाही. ही दुकानं नवी साडी-पादत्राणं विकून स्पर्धा करत नाहीत. सूट टिकवायची तर माल मुख्यतः दानात आलेलाच असावा लागतो, आणि तसा माल विकून पगार आणि भाडं दोन्ही निघेल असं खाजगी दुकान उभं राहणं, वरच्या आकड्यांवरून पाहिलं तर, कठीणच आहे.

‘विकायचं कशाला, गरिबांना फुकट वाटा’ असंही पुष्कळांना वाटतं. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच किनाऱ्यावर मिळालेलं आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून जुने कपडे येऊन पडले. कोळी कुटुंबांना त्यांतलं बरंचसं घालण्याजोगं नव्हतं. ढीग रस्त्याकडेला भिजत राहिले. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने पुढे ते उचलले, निवडले आणि कापडाचे सॅनिटरी पॅड वगैरे करून कामी लावले. देणाऱ्यांची कमी तेव्हा नव्हतीच, कमी होती ती निवडणाऱ्यांची. २०२० च्या टाळेबंदीनेही हेच उलट बाजूने दाखवलं: घरी बसलेल्या ब्रिटनने कपाटं साफ केली, दुकानं उघडताच पिशव्यांचा पूर आला, पण वयस्क स्वयंसेवकांपैकी पुष्कळ परतलेच नाहीत आणि कितीतरी दुकानांना ठरावीक वेळांपुरतंच दान स्वीकारावं लागलं.

जे निवडीत नापास होतं त्याचं काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. न विकलेला माल किलोच्या भावाने चिंध्यांच्या व्यापाऱ्याला जातो आणि त्यातला बराच परदेशी. घानाची राजधानी अक्रा इथल्या कांटामांटो बाजारात त्याच्या गाठी फुटतात. निकृष्ट निघालेला कपडा तिथल्या गटारांत आणि समुद्रकाठी साचतो, ही तक्रार रास्त आहे. काही माल भारतातही येतो. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात त्याची वर्गवारी होऊन तो पुन्हा निर्यात होतो, आणि पानिपतात लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांची घोंगडी विणतात. फाटक्या लोकरीपासून सूत काढण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यॉर्कशरमधल्या बॅटली गावात निघाली. ऑक्सफॅमचं स्वतःचं वर्गवारी केंद्र आज त्याच बॅटलीत आहे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. स्वयंसेवकाची नजर जितकी तयार, तितका चिंध्यांच्या गाठीत जाणारा माल कमी, एवढं खरं. पण झपाट्याने शिवून फेकल्या जाणाऱ्या स्वस्त कपड्यांचा लोंढा दोन लाख माणसांच्या नजरेने थोपत नाही, आणि दुकानांनी तसा दावा करूही नये.

महाराष्ट्रात अशी दुकानं काढावीत असं अधूनमधून कुणीतरी सुचवतं. गावोगावी ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली, तेव्हाही उत्साह मोठा होता. पण भिंतीला टांगलेले कपडे पाहणारं, निवडणारं, उरलेले उचलणारं रोजचं माणूस जिथे नेमलं गेलं नाही तिथे तिची काय कळा झाली हे नागरिक जाणतात. ब्रिटनपेक्षा आपल्याकडे एक गोष्ट मुळातच वेगळी आहे. जुना कपडा इथे अजून फुकटचा झालेला नाही. बोहारीण दारात येते, साडी उलगडून जर बघते, विरलेली जागा बोटाने दाखवते, पातेलं द्यायचं की डबा यावर घासाघीस करते, आणि तो कपडा पुढे धुऊन, रफू होऊन जुन्या बाजारात जातो. ऑक्सफर्डच्या मागच्या खोलीत जे काम दानात होतं, तेच काम इथे एका गरीब बाईचं पोट आहे. तेव्हा पुण्यात किंवा नाशकात कुणी असं दुकान काढणार असेल, तर गल्ल्यावर आणि पुस्तकांच्या मांडणीपाशी स्वयंसेवक खुशाल बसवावेत. कपड्यांच्या निवडीच्या टेबलापाशी मात्र त्या पेठेतल्या बोहारणीला रोजाने बोलवावं. नफा थोडा कमी पडेल, पण कोट टी-शर्टच्या भावात जाणार नाही.