दम्याचा फवारा आणि वातावरण

मी आयुष्यभर मराठी शिकवली. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. तथापि डिचोलीत राहणाऱ्या माझ्या नातवाला दमा आहे, आणि या स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय निवडण्यास तेवढे कारण पुरे आहे. (फारसीत 'दम' म्हणजे श्वास. ज्याची वाण पडते त्याचेच नाव रोगाला मिळाले.)

गेल्या वर्षी पेडण्याच्या घरी परसात पातेरा पेटवला होता. त्यात नातवाच्या इन्हेलरची रिकामी डबी मीच टाकली. ती बार उडावा तशी फुटली. सुदैवाने मुले दूर होती.

रिकाम्या डबीत एवढा जोर कोठून आला? फवाऱ्यात औषध अत्यल्प असते. ते बाहेर ढकलतो दाबाखालचा वायू, आणि औषध संपले तरी तो थोडा उरतो. पूर्वी तेथे ओझोनचा थर विरवणारे सीएफसी असे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याच्या जागी एचएफए आले. ओझोन वाचला, पण सर्रास वापरला जाणारा एचएफए-१३४ए कार्बन डायॉक्साइडच्या तेराशेहून अधिक पट तापकारक आहे. डबीत पंधरा-वीस ग्रॅम वायू असला, तरी त्याचा भार वीस-पंचवीस किलो कार्बन डायॉक्साइडएवढा होतो. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला. भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली.

म्हणून मुलाचा फवारा काढून घ्यावा काय? मुळीच नाही. धाप लागलेल्या मुलापुढे हवामानाचा हिशेब मांडणे क्रूरपणाचे होईल. भुकटीच्या इन्हेलरमध्ये हा वायू नसतो. आपल्याकडील रोटाहेलर त्याच जातीचा. मात्र भुकटी जोराने ओढावी लागते. पाच-सहा वर्षांखालील मुलांना ते सहसा साधत नाही. त्यांना फवारा आणि स्पेसरच योग्य. मोठ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या बुद्धीने बदल करू नये.

खरी बचत निराळीच आहे. प्रतिबंधक औषध रोज नेमाने घेतले, तर तातडीचा फवारा क्वचितच लागतो. स्पेसर नीट वापरला, तर मात्रा वाया जात नाही. डिचोलीत खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ आणि आपल्या परसातला धूर, दोन्ही दम्याला चेतवतात. धूळ माझ्या हाती नाही, धूर होता. पातेरा आता माडांच्या आळ्यांत कुजतो, आणि रिकाम्या डब्या न भोसकता, न जाळता, घरगुती घातक कचऱ्यात वेगळ्या दिल्या जातात. नातू त्यांवर तारीख लिहून ठेवतो.