सातबारा एक, वहिवाट दोन

शारदीय नवरात्रात बालाघाटच्या काठावरील तुळजापुरात महाराष्ट्रातून, कर्नाटकातून आणि तेलंगणातून लोटणारा भाविकांचा पूर ज्याने पाहिला आहे, त्याचे लक्ष देवीच्या कळसाकडे लागलेले असते. आणि तेच योग्य आहे. परंतु आजच्या काळी कोणत्याही तालुक्याच्या गावी बँकेचे खाते, दवाखान्याचा केसपेपर, महाविद्यालयाचा निकाल आणि जमिनीचा उतारा हे सारे जेथून येते, ते दप्तर आता लाल फडक्यात बांधलेले नसून कोठेतरी रात्रंदिवस चालू असलेल्या सर्व्हर नावाच्या संगणकात असते. या संगणकाच्या पोटात जो मोठा मुद्रित पट असतो, त्याला मदरबोर्ड म्हणतात, आणि जेथे काम जड असते तेथे त्या पटावर एकाऐवजी दोन प्रोसेसर बसविण्याची सोय केलेली असते. असा बोर्ड बसविणे आणि त्याची मांडणी लावून देणे ही मोठ्या शहरांतील तज्ज्ञांचीच मिरासदारी आहे, असा समज आपल्या जिल्ह्यांतून रूढ आहे. तो समज निराधार आहे, आणि तो दूर व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

महाराष्ट्रात या विद्येचे एक मोठे पीठ पुण्यास आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर होते, प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र होती, आणि शेजाऱ्याकडील माहिती हवी असेल तर तिच्यासाठी रीतसर निरोप धाडावा लागत असे. त्याच संस्थेने पुढे ‘रुद्र’ नावाचा सर्व्हर आपल्या देशातच आराखडा करून घडविला; त्याच्या बोर्डावर इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या झिऑन जातीचे दोन प्रोसेसर बसतात. अशा सर्व्हरांच्या रांगा जोडून उभारलेले ‘परम रुद्र’ नावाचे तीन महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील संशोधनसंस्थांसाठी राष्ट्रास अर्पण झाले. त्यांपैकी पुण्याचा महासंगणक नारायणगावाजवळील खोडद येथे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ताटांनी आकाशाचा कानोसा घेणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या कामी येतो. महासंगणक या भारदस्त शब्दाने दबून जाणाऱ्या वाचकाने एवढे ध्यानात घ्यावे की त्याच्या रांगेतील एकेक सर्व्हर उघडला तर आत दोन प्रोसेसरांचा जो बोर्ड दिसतो, त्याचाच भाऊबंद एखाद्या पतसंस्थेच्या मागच्या खोलीतही शोभू शकतो.

आता या बोर्डाचे मर्म. दोन भावांचा सातबारा सामाईक असावा, परंतु वहिवाट मात्र बांधाच्या अलीकडे एकाची आणि पलीकडे दुसऱ्याची असावी, तशी या बोर्डावरील स्मृतीची स्थिती असते. कागदोपत्री सारी रॅम दोन्ही प्रोसेसरांची असते, आणि आज्ञावलीला ती एकसंध दिसते. प्रत्यक्षात मात्र अर्धे स्लॉट पहिल्या प्रोसेसरला जोडलेले असतात व अर्धे दुसऱ्याला. आपल्या वाट्याच्या रॅममधून माहिती उचलण्यास प्रोसेसरला साधारण ऐंशी-नव्वद नॅनोसेकंद पुरतात. पलीकडच्या रॅममधील माहिती हवी झाली तर दोघांना जोडणाऱ्या दुव्यावरून जाऊन यावे लागते आणि तोच काळ जवळपास दीडपट होतो. या व्यवस्थेला तंत्रज्ञ ‘न्यूमा’ म्हणतात. ‘परम ८०००’ मधील स्मृती उघडउघड विभक्त होती, घरच्या संगणकातील स्मृती पूर्णपणे एकाच मालकीची असते, आणि हा बोर्ड या दोहोंच्या मधोमध उभा आहे. त्याच्या बसवणुकीत आणि मांडणीत जे जे म्हणून करावयाचे, त्याची गुरुकिल्ली प्रत्येक भागापाशी थांबून ‘हा कोणाच्या वहिवाटीतला?’ असे विचारण्यात आहे.

बोर्डाला हात लावण्यापूर्वी जागा पाहावी. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियस असावी, असा या व्यवसायातील सर्वमान्य दंडक आहे, आणि आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी गाठतो. तेव्हा बंद खोलीत वातानुकूलनावाचून हे यंत्र ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे होय. त्याहूनही अधिक उपेक्षा होते ती अर्थिंगची. हा सारा मुलूख काळ्या बेसाल्टचा. वर हातभर माती किंवा मुरूम आणि खाली अभंग पाषाण. पावसाळ्यात भिजलेल्या भूमीत उत्तम चालणारे अर्थिंग चैत्रानंतर माती वाळली म्हणजे निकामी होऊ लागते, कारण कोरड्या जमिनीतून वीज सहजी उतरत नाही. म्हणूनच जुने वायरमन कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालण्यास सांगत, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध होते. मल्टिमीटरची एक काडी न्यूट्रलला व दुसरी अर्थला लावून पाहावी. काटा दोन-तीन व्होल्टांच्या वर गेला तर बोर्डाची पेटी न उघडता प्रथम वायरमनला बोलवावे. घरगुती इन्व्हर्टरांपैकी स्वस्त जातीचा इन्व्हर्टर, जो चौकोनी लहरींची वीज देतो, तो सर्व्हरच्या पॉवर सप्लायला मानवत नाही. येथे ऑनलाइन जातीचा यूपीएसच हवा.

बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवताना पितळी आधारखुंट्या बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, हे एकेक करून मोजून घ्यावे. दोन प्रोसेसरांचा बोर्ड बहुधा बारा इंच लांब व तेरा इंच रुंद असतो, आणि कॅबिनेटात आधीच्या लहान बोर्डाची एखादी खुंटी राहून गेली असेल तर ती पाठीमागच्या उघड्या डाखांना टेकून यंत्र सुरू होताक्षणीच शॉर्ट होते. मनगटाला अर्थ केलेला पट्टा बांधावा; विशेषतः हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावरील स्थिर विजेची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही आणि चिप मात्र मरते.

यानंतर प्रोसेसर. ‘रुद्र’मध्ये आहेत त्या पिढीच्या झिऑनचे सॉकेट ३,६४७ संपर्कबिंदूंचे असते. प्रोसेसरच्या तळाशी केवळ सपाट सोनेरी ठिपके असतात. केसासारख्या बारीक, वाकलेल्या पिना सॉकेटात उभ्या असतात, आणि त्यांच्यावर बोट, फडके वा स्क्रूड्रायव्हर यांपैकी काहीही पडले तर बोर्ड बहुधा गेलाच म्हणून समजावे. म्हणून या पिढीत प्रोसेसर प्रथम एका पातळ प्लास्टिकच्या चौकटीत अडकवून ती चौकट हीटसिंकच्या तळाला बसवितात, आणि मग ती सारी जोडी उचलून सॉकेटावर सरळ खाली उतरवितात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील लहानसा त्रिकोण चौकटीवरील त्रिकोणाशी जुळला पाहिजे. सॉकेटाच्या दोन मार्गदर्शक खुंट्यांची जाडी मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते, त्यामुळे जोडी उलटी बसू शकत नाही. ती बसत नसेल तर बळ लावू नये, दिशा तपासावी. चार स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या एक, दोन, तीन, चार या क्रमाने आवळावेत आणि सोडविताना तोच क्रम उलटा घ्यावा. दाब किती द्यावा हेही ठरलेले आहे, बारा इंच-पाउंड. आणि त्यासाठी मोजून आवळणारा स्क्रूड्रायव्हर विकत घेणे ही चैन नव्हे. हजारो पिनांवर दाब सारखा पडला नाही तर एखाद्या बाजूच्या पिना अर्धवट टेकतात, आणि मग तक्रार येते ती ‘रॅमची एक पट्टी दिसत नाही’ अशी. बिचारी रॅम निर्दोष असते. नव्या हीटसिंकवर थर्मल पेस्ट बहुधा कारखान्यातूनच लावून येते, तिच्यावर आणखी थर देऊ नये. दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे हवेत, हे तर सांगावयासही नको.

पैशांच्या ओढीमुळे पुष्कळ ठिकाणी आरंभी एकच प्रोसेसर घेतात. तो पहिल्या क्रमांकाच्या सॉकेटातच बसवावा लागतो, आणि मग दुसऱ्याच्या वहिवाटीतील सर्व रॅम-स्लॉट व काही विस्तार-स्लॉट निर्जीव राहतात. नेटवर्क कार्ड अशा स्लॉटात घालून ‘बोर्ड बिघडलेला आला’ म्हणून दुकानदाराशी वाद घालणारे लोक कमी नाहीत. बोर्डासोबतच्या पुस्तिकेत कोणता स्लॉट कोणत्या प्रोसेसरचा याची आकृती असते; ती आकृती वाचल्यावाचून एकही कार्ड घालू नये.

रॅमची वाटणी समसमान असावी. या पिढीत प्रत्येक प्रोसेसरला स्मृतीच्या सहा वाहिन्या असतात, आणि प्रत्येक वाहिनीत एकेक पट्टी असेल तरच माहितीचा पूर्ण ओघ मिळतो. बारा लहान पट्ट्यांऐवजी दोन मोठ्या पट्ट्या घेऊन तेवढीच रॅम भरणारा ग्राहक बेरीज बरोबर करतो, पण प्रत्येक प्रोसेसरची एकच वाहिनी वापरून ओघ सहाव्या हिश्श्यावर आणून ठेवतो; यंत्र संथ का, हे त्याला पुढे कधीही उमगत नाही. पट्ट्या सर्व्हरच्या, म्हणजे दोष-दुरुस्तीच्या, जातीच्या असाव्यात: त्या चौसष्ट बिटांबरोबर आठ अधिक बिटे साठवितात, एक बिट चुकले तर ते दुरुस्त करतात आणि दोन चुकली तर इशारा देतात. वर्षानुवर्षे बंद न होणाऱ्या आणि लोकांचे पैसे मोजणाऱ्या यंत्राला हे संरक्षण नसणे अक्षम्य आहे.

विजेच्या जोडणीत मोठ्या चोवीस पिनांच्या कनेक्टरखेरीज आठ पिनांचे दोन कनेक्टर असतात. हेही वहिवाटीप्रमाणे, प्रत्येक प्रोसेसरसाठी एकेक; या पिढीतील भारी प्रोसेसर एकटा १५० ते २०५ वॅट वीज खातो, तेव्हा एक कनेक्टर मोकळा ठेवून भागत नाही. पंख्यांवरचा प्लास्टिकचा वायुमार्गही काढून टाकू नये, कारण सर्व्हरच्या हीटसिंकला स्वतःचा पंखा बहुधा नसतोच आणि वारा नेमका त्यांच्या पात्यांतून गेला तरच उष्णता हटते. एवढे झाल्यावर कळ दाबावी आणि धीर धरावा. प्रथमारंभी बोर्ड प्रत्येक रॅमपट्टीशी आपली लय जुळवून घेतो, आणि त्या अवधीत काही मिनिटे पडद्यावर अक्षरही उमटत नाही. घाबरून वीज बंद करणारा माणूस ते काम पुन्हा पहिल्यापासून करावयास लावतो.

येथून मांडणीचा भाग सुरू होतो, आणि त्यातील पहिला मान बीएमसी नावाच्या एका लहानशा स्वतंत्र प्रोसेसरचा. मुख्य यंत्र बंद असले तरी वीज जोडलेली आहे तोवर हा जागा असतो. दुरून यंत्र चालू करणे, तापमान वाचणे, दूरच्या गावातील पडदा आपल्यासमोर आणणे हे त्याचे काम. सोलापुरास बसलेल्या तंत्रज्ञाला तुळजापूरचे यंत्र तेथूनच पाहता येते, पंचेचाळीस किलोमीटरांचा हेलपाटा वाचतो, हे त्याचेच उपकार. परंतु घराच्या सर्व किल्ल्या त्याच्यापाशी असतात, म्हणून कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि त्याचे नेटवर्क खुल्या इंटरनेटला कदापि जोडू नये. या एका नियमाबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही.

मग बायोस. ते अद्ययावत करावयाचे असेल तर यूपीएसची बॅटरी भरलेली असतानाच करावे. लिखाण अर्धवट असताना वीज गेली तर बोर्ड उठत नाही. बायोसमध्ये ‘नोड इंटरलीव्हिंग’ नावाचा एक पर्याय आढळतो. तो सुरू केला तर दोघांच्या वाट्याची रॅम मिसळून एकच केली जाते आणि बांध नाहीसा झाल्यासारखा दिसतो. वस्तुतः अंतर तसेच राहते, फक्त ते लपविले जाते, आणि प्रत्येक कामाची निम्मी ये-जा दुव्यावरून होऊ लागते. आजच्या कार्यप्रणालींना दोन वहिवाटी ओळखता येतात, तेव्हा हा पर्याय बंदच ठेवावा व सत्य त्यांच्यापासून दडवू नये. एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवावयाची असतील तर त्यासाठीचे पर्याय सुरू करावेत, आणि प्रत्येक आभासी यंत्राची रॅम एका प्रोसेसरच्या वाट्यात मावेल इतकीच ठेवावी. विदागाराचे काम जड असेल तर ते ज्या प्रोसेसरवर चालते, त्याच्याच स्लॉटात त्याची डिस्क व नेटवर्क कार्ड असावे.

लिनक्स बसविल्यावर ‘न्यूमासीटीएल’ ही आज्ञा हार्डवेअरच्या पर्यायासह दिली की पडद्यावर दोन नोड, प्रत्येकाची रॅम आणि परस्परांतील अंतराचा लहानसा तक्ता उमटतो. स्वतःपर्यंतचे अंतर नेहमी दहा, आणि पलीकडचे बहुधा वीस-एकवीस. दोन्ही नोडांची रॅम समान दिसली नाही तर कोठेतरी पट्टी चुकीच्या स्लॉटात आहे किंवा स्क्रू नीट आवळलेला नाही. तेव्हा पुढे न जाता मागे फिरावे. हा तक्ता, रॅमची मांडणी, बायोसची आवृत्ती आणि बदललेले पर्याय एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या दाराच्या आतून चिकटवावा, कारण यंत्र बसविणारा माणूस आणि दुरुस्त करणारा माणूस पुष्कळदा निराळे असतात. सॉकेटांवरची प्लास्टिकची दोन झाकणेही त्याच दारामागे पिशवीत ठेवावीत. बोर्ड हमीखाली परत धाडण्याची वेळ आली तर झाकणावाचून आलेला बोर्ड बहुतेक कंपन्या स्वीकारीत नाहीत.