ओल्ड सॅरम व पिटचा हिरा

इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत ओल्ड सॅरम ही उजाड टेकडी आहे. तिच्या नांवावर १८३२ पर्यंत पार्लमेंटांत दोन सभासद बसत. १२२० त सॉल्सबरीच्या नव्या कॅथीड्रलचा पाया पडला व जुनें गांव ओस होत गेलें. परंतु प्रतिनिधीचा हक्क कायम राहिला. तो हक्क ठराविक जमिनींस चिकटलेला होता. सबब ज्याची जमीन त्याचेच सभासद, असा प्रकार झाला. १८३१ त तेथें मतदार अवघे ११ होते.

मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट यानें हिंदुस्थानांत मिळविलेल्या प्रसिद्ध हिऱ्याच्या पैशांतून हा मतदारसंघ घेतला, असें सांगण्यांत येतें. सनांचा मेळ घातला असतां तें टिकत नाहीं. पिटनें ही मिळकत १६९१ च्या सुमारास घेतली. गव्हर्नरी त्यास १६९८ त मिळाली. हिरा त्यानंतर हातीं आला व फ्रान्सच्या रीजंटास विकला गेला तो १७१७ त. अर्थात् खरेदीच्या मुळाशीं हिरा नाहीं. मात्र कंपनीचा मक्ता मोडून बालासोरकडे केलेल्या खासगी व्यापारानें पिट पूर्वींच धनाढ्य झाला होता.

१७३५ त त्याचा नातू थोरला विल्यम पिट येथूनच पार्लमेंटांत शिरला. हिऱ्याची कथा एका अपूर्व घबाडाची आहे; सनावळी सांगते ती गोष्ट अधिक महत्त्वाची. पार्लमेंटांतील जागा विकत घेण्यास असें घबाड लागत नसे, हिंदी व्यापाराचा साधा नफाही पुरत असे.