देव नाही म्हणणाऱ्यांचं नेमकं म्हणणं

1 मे 2024 च्या रात्री गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात एक बाई आणि एक पुरुष, दोघांना जादूटोण्याच्या संशयावरून बेदम मारून पेटवून दिलं. गावातल्या एका लहान लेकराच्या मृत्यूचा ठपका त्यांच्यावर होता. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्दला, भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं होतं. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. अशी बातमी आली की शहरात दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘जंगलातले अडाणी लोक’. दुसरं, ‘आता हे नास्तिक पुन्हा देवाच्या मागे लागणार’. मुहूर्त काढून सिझेरियन करवून घेणाऱ्यांनी पहिलं वाक्य बोलू नये, एवढं म्हणून ते सोडून देतो. दुसऱ्यात मात्र बरेच गैरसमज एकत्र गुंतलेत.

नास्तिक म्हणजे ‘देव नाही हे मी सिद्ध केलंय’ अशी छाती ठोकणारा, असं पुष्कळांना वाटतं. असे काही असतीलही. बहुतेकांचं म्हणणं साधं असतं: देव आहे असं मानावं इतका पुरावा मला दिसत नाही, म्हणून मी मानत नाही. निसर्गवाद त्याच्या एक पाऊल पुढे जातो. ताप, वीज, दुष्काळ, स्वप्न, मरण, जे काही घडतं त्याची कारणं याच जगात आहेत आणि ती तपासून शोधता येतात, असं तो धरून चालतो. मन हा मेंदूचाच व्यवहार, मेंदू थांबला की तोही थांबला, हेही त्यात आलं.

हे कोरडं तत्त्वज्ञान वाटत असेल तर ‘लेकरू का गेलं’ हा प्रश्न घ्या. गावचा पुजारी, म्हणजे मांत्रिक, म्हणतो, कुणीतरी करणी केली. मग ते ‘कुणीतरी’ शोधणं आलं, आणि ते शेजारच्याच घरात सापडतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हाच प्रश्न गडचिरोलीत वेगळ्या रीतीने विचारला. नवजात बाळं जंतुसंसर्गाने, न्यूमोनियाने, जन्मतः श्वास कोंडल्याने, वजन कमी भरल्याने दगावत होती. कारण इथलंच निघाल्यावर उपायही इथलाच निघाला. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला तोलणं, ऊबेत ठेवणं, श्वास मोजणं, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, सगळं घरी. 39 गावांत हे केलं आणि 47 गावांशी ताडून पाहिलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी कमी झाला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला.

आता गंमत पाहा. याच संस्थेच्या रुग्णालयाचं नाव ‘मां दंतेश्वरी’, म्हणजे देवीचं. ते आदिवासींच्याच इच्छेने ठेवलेलं. म्हणजे आजाराचं कारण निसर्गात शोधायला आधी देव सोडावा लागतो, असं काही नाही. नास्तिक तीच रीत आजारापाशी न थांबवता सगळ्या जगाला लावतो, फरक एवढाच. हा फरक लहान नाही, पण तो वैराचा नाही.

भानामतीचंही तसंच. अंगावर आपोआप उठणाऱ्या फुल्या म्हणजे बऱ्याचदा बिब्बा. त्याचं तेल कातडीला लागलं तर लगेच काही दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, खाज सुटते, फोड येतात, आणि तोवर तेल लावणारा हात कुणाच्या लक्षातही राहत नाही. कपडा आपसूक पेटतो म्हणतात. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की काडी न ओढता जाळ होतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून करून दाखवतात. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला त्यांनी लाखोंचं बक्षीस लावलंय. ते अजून कुणी नेलेलं नाही.

याच कार्यकर्त्यांवर ‘देवविरोधी कायदा आणला’ असा आरोप होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाल्यावर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो वाचावा. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना हात लावलेला नाही, आणि तसं त्यात स्पष्ट लिहिलंय. गुन्हा ठरतो तो एखाद्याला चेटूक करणारा ठरवून छळण्याचा, भूत उतरवायच्या नावाखाली मारझोड करण्याचा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

‘हे सगळं विलायती खूळ’ हा आक्षेप निदान चंद्रपुरात तरी घेऊ नये. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. 22 प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याची. अमर आत्माही बाबासाहेबांनी नाकारला. बौद्ध म्हणजे नास्तिकच, असं मी म्हणत नाही, ते वेगळं प्रकरण आहे. पण सृष्टीकर्त्या देवाशिवाय नीतीने जगता येतं, हे इथल्या हजारो घरांना कुणी परदेशी माणसाने शिकवलं नाही. चार्वाक तर त्याहून कितीतरी जुने.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, आणि तो शिकलेल्यांचा. गोंड-माडिया झाडांना, डोंगरांना मानतात, म्हणून ते ‘मुळातले निसर्गवादी’ असं काही जण कौतुकाने लिहितात. कौतुक ठीक, पण त्या झाडात पेन, म्हणजे देव, असतो, पूर्वज असतात, ते रागावतात आणि राखतातही. ती पूर्ण वाढलेली श्रद्धा आहे. तिला आपल्या सोयीचं लेबल चिकटवणं हा तिचा मान नव्हे.

‘मग तुमच्या विज्ञानाला सगळं कळलंय का?’ अजिबात नाही. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला शेताशिवारात डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. गवत पसरलं ते डायनासोर संपल्यावर, असा बराच काळ समज होता. 2005 मध्ये या विष्ठेत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले आणि अभ्यासकांना आपलं म्हणणं बदलावं लागलं. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. ‘अजून माहीत नाही’ हे उत्तर निसर्गवादात चालतं. ‘माहीत नाही, म्हणजे दैवीच असणार’ ही उडी चालत नाही.

राहिला नीतीचा प्रश्न. पापाची भीती गेली तर माणूस मोकाट सुटेल, असं म्हणतात. बारसेवाड्यात अदृश्य शक्तीची भीती कमी नव्हती, ती होती म्हणूनच दोन जीव गेले. नास्तिकांतही लबाड, क्रूर माणसं निघतात, त्याला पुरावा शोधायला नको. पण चूक केली तर ती मागच्या जन्मावर ढकलता येत नाही आणि नवस बोलून फेडता येत नाही. ज्याचं बिघडवलं त्याच्याकडेच जावं लागतं.

आणि धर्माच्या रकान्याचं काय? 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 33 हजार लोकांनी स्वतःला नास्तिक नोंदवलं, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले. मला हा आकडा फार कमी वाटतो, कारण रकान्यात काय लिहायचं ते बहुधा घरातला कर्ताच सांगतो. सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की कोणताही धर्म न मानण्याचा हक्क घटनेच्या कलम 25 मध्येच येतो आणि सरकार कुणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. अर्जात ‘धर्म नाही’ लिहिलं म्हणून कुणी बाबू कागद परत करत असेल, तर त्याला हा निकाल दाखवा.