उंबरठ्याच्या आतले गूढ



आमच्या इंदापूर तालुक्यात पळसदेव नावाचे गाव आहे. उजनी धरणाचे पाणी अडले तेव्हा तेथील जुने देवालय जलाशयात गेले. ज्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरते, त्या उन्हाळ्यात प्रथम त्याचे शिखर वर येते, मग भिंती उघड्या पडतात, आणि बारामती-इंदापूरकडची माणसे मुलाबाळांसह ते पाहावयास जातात. पाणी का चढले व का उतरले, हे सर्वांस ठाऊक असते. तरीही शिखर दृष्टीस पडताच बोलणारी माणसे क्षणभर गप्प होतात. कारण समजूनही जो विस्मय उरतो, त्यालाच गूढ म्हणावे. आज ज्यांच्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत, ते रत्नाकर मतकरी ह्या उरलेल्या विस्मयाचे कथाकार होते.

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा केला पाहिजे. कारण रहस्यकथा, भयकथा आणि गूढकथा ही तीन नावे आपण सरसकट वापरतो. रहस्यकथेत एक प्रश्न असतो व अखेरीस त्याचे उत्तर मिळते. खुनी सापडतो आणि वाचक निश्चिंत निजतो. बाबूराव अर्नाळकरांनी अशा हजाराहून अधिक कथा-कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांच्या झुंजार व धनंजय ह्या नायकांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली. भयकथेत अमानवी शक्ती उघडपणे समोर उभी राहते. त्या प्रांतात नारायण धारपांचे नाव अग्रगण्य आहे. गूढकथेची रीत निराळी. तिच्यातील खरा प्रश्न बहुधा शेवटचे वाक्य वाचून झाल्यावर सुरू होतो. तिला स्मशान लागत नाही, वाडा लागत नाही. चाळीतली खोली, नोकरीवरून परतणारा गृहस्थ आणि त्याच्या मनात दडलेला एखादा अपराध एवढे साहित्य तिला पुरते. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘कबंध’ ह्या मतकरींच्या संग्रहांनी मराठी वाचकाला ही गोष्ट पटवून दिली.

मला मात्र ती पटावयास फार उशीर लागला. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील एका शाळेत मी नववीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतो. बाकाखाली पुस्तक धरून वाचणारा एक मुलगा मी पकडला. पुस्तक मतकरींच्या गूढकथांचे होते. ते मी काढून घेतले, असल्या वाचनाने बुद्धी बिघडते असे वर्गासमोर सुनावले, आणि पुस्तक कपाटात घालून कुलूप लावले. मुलगा इतकेच म्हणाला, “गुरुजी, शेवटचे एकच पान राहिले आहे.” मी ते पान त्याला वाचू दिले नाही.

वर्षअखेरीस कपाट आवरताना ते पुस्तक हाती आले. मुलाचे राहिलेले पान कोणते असावे, ह्या कुतूहलाने मी ते उघडले, आणि पहाटेपर्यंत सर्व पुस्तक वाचून काढले. सुटी संपताच ते परत द्यावयाचे ठरविले. परंतु तोवर त्याचे वडील कामासाठी कुटुंबासह दुसरीकडे गेले होते. पुढे कळले की पुस्तक ग्रंथालयाचे होते आणि त्याची किंमत त्या मुलाने मुकाट्याने भरली होती. आणखी एक गोष्ट मला अधिक लाजविणारी आहे. त्याच वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी लहान मुलांकडून ‘अलबत्या गलबत्या’तील एक प्रवेश बसवून घेतला होता आणि त्यातील चेटकिणीवर पालक खूश झाले म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. ते बालनाट्य आणि कपाटातले पुस्तक एकाच हातचे आहे, हे मराठीच्या ह्या शिक्षकाच्या ध्यानातही आले नव्हते!

तो हात खरोखर बहुविध होता. मतकरींचा जन्म १९३८ साली मुंबईस झाला. त्यांचे पहिले पाऊल आकाशवाणीवरच पडले. १९५५ साली, सोळा-सतरा वर्षांचे असताना, त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका मुंबई केंद्राने सादर केली. बँकेतील नोकरी सांभाळून त्यांनी लेखन केले व १९७८ साली नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. महाभारताच्या उत्तरकाळावरील ‘आरण्यक’ त्यांचे आणि दलितांवरील अत्याचाराची कहाणी सांगणारे ‘लोककथा ७८’ही त्यांचेच. ‘आपलं महानगर’ ह्या सायंदैनिकात त्यांनी ‘सोनेरी सावल्या’ हे सदर लिहिले. उत्तरायुष्यात त्यांनी ठाण्याच्या वस्त्यांतील मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, त्यांचे निधन झाले.

इतक्या दिशांना गेलेला लेखक स्वतःला उधळून टाकतो, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. त्यांची ‘इन्व्हेस्टमेंट’ ही कथा घ्या. तिच्यावर त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला साठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. तिच्यात भूत नाही. महत्त्वाकांक्षी आईबापांचा एक शाळकरी मुलगा आहे, त्याच्या हातून एका मुलीचा जीव जातो, आणि त्याच्यावर लावलेले भांडवल बुडू नये म्हणून सुसंस्कृत घर त्याला पाठीशी घालते. मुलाची लहानशी चोरी झाकण्यासाठी शाळेत आलेले पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यामुळे ही कथा मला कोणत्याही पिशाचकथेहून अधिक भयंकर वाटते. घर कसे सजवावे, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, काय खावे, काय ल्यावे, ह्या नित्याच्या जगण्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याच जगण्याच्या उंबरठ्याआत आपण काय पुरून ठेवले आहे, हे विचारणारा विरळा. मतकरींची कथा हेच विचारते, आणि त्यांची उत्तम नाटकेही हेच विचारतात. वाटा अनेक असल्या तरी गाव एकच आहे.

ते पुस्तक आजही माझ्या बारामतीच्या घरी आहे. शेवटच्या पानात त्या वेळी घातलेली खूण मी काढलेली नाही. श्रोत्यांत कोणी शिक्षक असतील, तर त्यांना एवढीच विनंती की, बाकाखालचे पुस्तक काढून घेण्यापूर्वी ते आपण वाचले आहे काय, हे स्वतःला विचारावे. आणि काढून घेतलेच, तर शाळा सुटण्यापूर्वी ते परत करावे. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे शिखर पुन्हा दिसते. वर्गातून गेलेला मुलगा मात्र पुन्हा भेटेलच असे नाही.