पद्मिनीचा रेडिएटर झिरपतोय?

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीचा मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा. तो झाळता येतो, म्हणून बारीक गळतीसाठी काढून फेकू नका. मूळ भाग आता सहज मिळत नाहीत.

गळती शोधणं हेच खरं काम. पाणी थेंब पडतो तिथूनच गळतं असं नाही; हिरवट-पांढरा ओघळ वर कुठे सुरू होतो ते पाहा. मग रेडिएटर उतरवून तोंडं बंद करा, पाण्याच्या टाकीत बुडवा आणि हलक्या दाबाने हवा भरा. जास्त दाब जुने सांधे उसवतो. बुडबुडे छिद्र दाखवतात.

ती जागा धातू चकाकेपर्यंत घासा. शिसं-कथलाचं झाळण साधारण १९० अंशांना वितळतं, पितळ मात्र ९०० च्या आसपास. तरीही ज्योत एका जागी रोखू नका, शेजारचा सांधा सुटतो. फ्लक्स लावा, झाळण ओढून घेऊ द्या, नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर फ्लक्समधलं उरलेलं ॲसिड पितळ खातं. काम मोकळ्या हवेत करा. फ्लक्सचा धूर आणि शिसं दोन्ही घातक. मधली नळीच फुटली असेल, तर ती दोन्ही टोकांना बंद करतात. एखाद्या नळीने फारसा फरक पडत नाही.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय गॅरेजपर्यंत पोहोचवतो, पण अरुंद नळ्या तुंबवतो. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.