समुद्राला दार लावता येतं?

सांग बरं, समुद्राला दार लावता येईल का?

नाही म्हणतोस? नाही म्हणतेस? थांब थांब! असं एक दार खरोखर आहे. नेदरलँड्स नावाच्या देशात, रॉटरडॅम शहराजवळ. त्याचं नाव मास्लांटकेरिंग. जरा जीभ वळवून म्हणून बघ!

या देशाची गंमत अशी, की तिथली साधारण पाव जमीन समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली आहे. मग पाणी आत कसं येत नाही? किनाऱ्यावर उंचच उंच बांध आहेत ना! पण १९५३ च्या फेब्रुवारीत भयंकर वादळ आलं. बांध फुटले. झोपेतल्या गावांमध्ये पाणी शिरलं आणि १,८३६ माणसं गेली. तेव्हापासून त्या देशाने समुद्राशी खूप विचारपूर्वक वागायचं ठरवलं.

मग रॉटरडॅमसमोर एक जाडजूड भिंत बांधून टाकली असती, तर? छे! रॉटरडॅम हे युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर. भिंत घातली तर जहाजं जाणार कुठून? बांध आणखी उंच करायचे म्हटलं, तर जुन्या गावांमधली सुंदर घरं पाडावी लागली असती. म्हणून असं काहीतरी हवं होतं, जे रोज उघडं राहील आणि फक्त वादळात बंद होईल.

ते म्हणजे दार!

जहाजांची वाट तिथे तब्बल ३६० मीटर रुंद आहे. म्हणून दाराला दोन फाळके केले. एकेक फाळका २१० मीटर लांब! क्रिकेटच्या दहा खेळपट्ट्या एकापुढे एक ठेव, तरी तो थोडा उरेलच. आणि उंची? २२ मीटर! एरवी हे दोन फाळके दोन काठांवरच्या कोरड्या हौदांत निवांत असतात.

आता ओळख पाहू, एवढं लोखंडी धूड हलवायचं कसं? क्रेनने उचलून? अजिबात नाही. पाणीच मदत करतं!

स्वयंपाकघरातली एक स्टीलची वाटी घे आणि बादलीतल्या पाण्यावर अलगद ठेव. तरंगली ना? आता तिच्यात पाणी ओत. गेली की नाही तळाशी? बस्स, हेच! फाळके आतून पोकळ आहेत. वादळ येणार असलं, की हौदात पाणी सोडतात. फाळके तरंगू लागतात. यंत्र त्यांना ढकलत ढकलत मधोमध आणतं. मग त्यांच्या पोटात पाणी भरतात आणि ते हळूहळू तळाशी जाऊन बसतात. समुद्र बाहेर, शहर आत! वादळ सरलं की पोटातलं पाणी पंपाने काढायचं. फाळके पुन्हा वर!

फाळका बाजूला वळायला हवा आणि वरखालीही व्हायला हवा. साध्या बिजागरीला हे कसं जमणार? म्हणून काठावर एक प्रचंड गोळा बसवलाय. फाळक्याला जोडलेले लांब हात त्याच्याभोवती फिरतात. गोळा केवढा? १० मीटर व्यासाचा, ६८० टन वजनाचा! मला तर या सगळ्यात तोच सर्वांत जास्त आवडतो.

पण अजून एक पेच आहे. दार लावलं, समुद्र थांबला. पण याच वाटेने मागून नदीचं पाणी समुद्राकडे येतच राहतं, त्याचं काय? ते आतल्या आत साठत जातं! आतलं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा उंच झालं, की फाळके थोडे तरंगवतात आणि नदीला खालून वाट करून देतात. केवढी हुशारी!

दार कधी लावायचं, हे संगणक ठरवतो. रॉटरडॅमला पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा ३ मीटर वर जाणार असं दिसलं, की तो हुकूम देतो. १९९७ मध्ये दार सुरू झालं, पण असा खराखुरा हुकूम पहिल्यांदा आला थेट २१ डिसेंबर २०२३ ला!

मग इतकी वर्षं ते नुसतंच पडून होतं? नाही हं! दरवर्षी वादळांचा मोसम सुरू होण्याआधी त्याची रंगीत तालीम होते. लोक ती बघायला काठावर गर्दी करतात.

आणि आता तर त्याला जास्त काम पडणार आहे. कारण पृथ्वी तापतेय. बर्फ वितळतोय. शिवाय पाणी तापलं की फुगतं, जास्त जागा घेतं! १९०१ पासून जगातले समुद्र सरासरी २० सेंटीमीटर वर आलेत. समुद्र आधीच वर असला, की छोटं वादळही ३ मीटरची रेघ ओलांडू शकतं. दार वारंवार लावावं लागेल आणि तेवढा वेळ जहाजं खोळंबतील. म्हणून तिथले अभियंते आत्तापासूनच डोकं लढवताहेत, की या दारानंतर काय?

तुला काय वाटतं? कागद-पेन्सिल घे आणि तुझं दार काढून बघ!